पाच नग, एकसारखे

रविवार, १२ ऑक्टोबर. इथल्या मराठी मंडळाच्या स्टीलच्या ताटल्यांच्या बुडाला चिकटवलेले नंबर खरवडून काढते आहे. खोबरेल तेल चोळायचं, जरा थांबायचं, सुरीच्या पाठीनं ओढायचं. कागद निघतो, चिकटा राहतो, पुन्हा तेल. हे नंबर चिकटवायला लावणारा माणूस आमच्या मागच्या अंगणातल्या छोट्या घरात, म्हणजे ग्रॅनी फ्लॅटमध्ये, दार लोटून बसला आहे आणि कालपासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो आहे. तेल मुरेपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या चुलत सासऱ्यांइतका इंग्रज माणूस आता इंग्लंडमध्येही उरला नसेल. ते जन्मानं पुण्याचे, पासपोर्टनं ऑस्ट्रेलियन आणि रंगानं माझ्याहून दोन छटा सावळे आहेत. पण वयाच्या चौथ्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत ते इंग्लंडच्या खेड्यांत वाढले आणि तो मुक्काम त्यांनी मनातून अजून हलवलेला नाही. त्यांचे वडील डॉक्टर. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत जागा मिळेना, म्हणून खेड्यातल्या थकलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली, जिथून बोलावणं येईल तिथं ते बायकोमुलाला घेऊन जात राहिले. अशी तीन गावं झाली. त्यांची नावं मला लिहिता येणार नाहीत, कारण काका ती उच्चारतात तेव्हा अर्धी अक्षरं मिशीत राहतात. एक गाव टेकडीवरचं होतं, एक नदीकाठचं, आणि एक असं की तिथं समुद्र दिसत नसे पण वाळत घातलेल्या कपड्यांना त्याचा वास येई. काकू गेल्यावर नितीननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना आमच्याकडे कॅसल हिलला आणलं. त्यांची मुलगी पर्थला असते. तिचं घर मोठं आहे, पण तिथं भाजी लावायला जागा नाही, म्हणून काका आमच्याकडे राहिले. माती बघून त्यांनी निर्णय घेतला. माणसं बघून घेतला असता तर काय झालं असतं, हे मी विचारलेलं नाही.

आमची गल्ली म्हणजे टोकाला वळसा असलेला सरळ डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंना दुमजली घरं, प्रत्येक दारात चार्जिंगला लावलेली गाडी, आणि दिवसा माणूस दिसणार नाही. काकांच्या लेखी मात्र ही इंग्लंडच्या खेड्यातली 'लेन' आहे. महिना महिना पाऊस नसला तरी ते रोज सकाळी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून लेनमधून फेरी मारतात आणि दिसेल त्याला नावानं गुड मॉर्निंग घालतात. नाव माहीत नसेल तर थांबवून विचारतात. त्यांच्यामुळे आता मला कोपऱ्यावरच्या कोरियन बाईंच्या गुडघ्याची, समोरच्या लेबनीज कुटुंबातल्या साखरपुड्याची आणि सत्तावीस नंबरमधल्या माणसाच्या घटस्फोटाची खडान्खडा माहिती असते. त्या माणसाच्या दारी ते जॅमची बरणी घेऊन गेले होते. "काय म्हणालात त्याला?" मी विचारलं. "म्हटलं, बायको गेल्याचं ऐकलं, हा जॅम घे." मी घरात गेले आणि थोडा वेळ बाहेर आले नाही.

त्यांचं मराठी हा आणखी एक प्रकार. त्या गावांत मराठी बोलणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे त्यांची आई. वडील दिवसभर पेशंटांत, आणि घरी आले की खुर्चीतच झोपलेले. त्यामुळे भरघोस मिशांचा हा सहा फुटी माणूस जे बोलतो, ते थेट साठेक वर्षांपूर्वीच्या एका तरुण बाईचं मराठी. दूध उतू गेलं की "अगं बाई!", दुधीच्या वेलाला कीड लागली की "मेली ही कीड!" आणि कोणी आभार मानले की "इश्श, त्यात काय एवढं!" मंडळाच्या कार्यक्रमात ते पहिल्यांदा आले, तेव्हा कोणीतरी त्यांच्या शर्टाचं कौतुक केलं. काका लाजून म्हणाले, "चला, काहीतरीच तुमचं." आसपासचे पुरुष चहाच्या कपात हसले. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. काकांबरोबर कुठंही गेलं की मी पर्समध्ये काहीतरी शोधते. माझी पर्स या चार वर्षांइतकी नीट लावलेली कधीच नव्हती.

मागच्या उन्हाळ्यातलं दुधीचं प्रकरण सगळ्यात गाजलं. इंग्लंडच्या खेड्यात म्हणे उन्हाळा सरता सरता प्रत्येकाच्या परसात भोपळ्याच्या जातीची एक भाजी इतकी येते की घ्यायला कोणी उरत नाही. मग लोक ती पहाटे शेजाऱ्याच्या दाराशी ठेवून पळून जातात. ठेवणारा दिसायचा नाही आणि घेणाऱ्यानं विचारायचं नाही, हा शिष्टाचार. काकांनी तो दुधीला लागू केला. फक्त त्या गावांत दारावर कॅमेरे नव्हते आणि आमच्या लेनमध्ये सगळ्यांच्या दारावर आहेत. आमच्या सबर्बच्या फेसबुक ग्रुपवर व्हिडिओ आला. रबरी बूट घातलेला एक उंच माणूस दारात काहीतरी ठेवतो आणि गुडघे सांभाळत, वाकून पळतो. खाली लिहिलेलं, 'या इसमाला कोणी ओळखतं का? मोठी हिरवी वस्तू ठेवून गेला आहे. आम्ही हात लावलेला नाही.' पोलिसांना कळवावं असं खाली पाच-सहा जणांचं मत पडलं होतं. मी हॉस्पिटलात नर्सेसच्या ड्यूट्या लावते. तिथं बरोबरच्या मुलीनं मला तो व्हिडिओ दाखवला. "लूक, दॅट्स युअर स्ट्रीट!" मी त्याखाली लिहिलं, 'हे माझे सासरे आहेत. वस्तू दुधी आहे. सोलून शिजवावी.' संध्याकाळी काकांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि चिंतेनं विचारलं, "पळताना ओळखू येतोय का गं मी?"

मीरा, माझी मुलगी, क्रिकेट खेळते. तिच्या मॅचला काका काकडीचे सँडविच घेऊन येतात, दोन्ही टीमना पुरतील एवढे. इतपत ठीक होतं. पण समोरच्या मुलीनं मीराला चौकार मारला की काका उठून उभे राहतात आणि टाळ्या वाजवतात. "ओ, वेल प्लेड! लव्हली शॉट!" बाकीचे बाप मुलींच्या बोलिंगचे व्हिडिओ काढून घरी जाऊन त्याची चिरफाड करणारे. ते माझ्याकडे बघतात. ओव्हर संपल्यावर मीरा बाउंड्रीवरून ओरडली, "मम, हूज साइड इज ही ऑन?" काकांना प्रश्न समजला नाही. "अगं, शॉट चांगला होता," ते मला म्हणाले. "चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही, तर मग बघायला कशाला यायचं?"

ह्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

काकांच्या सगळ्या आठवणी हिंडूनफिरून एकाच ठिकाणी येऊन थांबतात, ते म्हणजे गावातलं वार्षिक प्रदर्शन. चर्चमागच्या कुरणात मोठा तंबू लागायचा. लांबच लांब टेबलांवर पांढरे कागद, त्यांवर गावानं वर्षभर राबून पिकवलेलं आणि शिजवलेलं सगळं: कांदे, वाटाण्याच्या शेंगा, जॅम, केक. प्रत्येक गोष्ट नियमात सांगितली असेल तितकीच मांडायची. पाच कांदे म्हणजे पाच, आणि पाचही एका आईची लेकरं वाटली पाहिजेत. कोणाची ताटली कोणती ते परीक्षकाला कळू नये म्हणून नुसते नंबर. परीक्षक आला की सगळ्यांनी बाहेर जायचं आणि तंबूचं दार बांधायचं. तो एकटा आत, पांढरा कोट घालून, सुरी घेऊन. केक कापायचा, चाखायचा, छोट्या कार्डावर शेरा लिहायचा. दर्जाचं काही नसेल तर पहिलं बक्षीस द्यायचंच नाही. गावच्या पोस्टमनचा एक कांदा मानेत जाड निघाला म्हणून त्याचं पहिलं बक्षीस गेलं. तो वर्षभर परीक्षकाशी बोलला नाही आणि पुढच्या वर्षी असे कांदे घेऊन आला की बघायला शेजारच्या गावची माणसं आली. ही गोष्ट सांगताना काकांचे डोळे दर वेळी पाणावतात. कांद्यामुळे, असं मीरा म्हणते.

काल आमच्या मंडळाची फराळ स्पर्धा होती. दरवर्षी असते. दरवर्षी परीक्षक येतात, सगळं चाखून "निवड करणं फार कठीण गेलं" म्हणतात, अध्यक्षांच्या घरातल्या कोणाला तरी पहिलं बक्षीस जातं आणि उरलेल्या सगळ्यांना उत्तेजनार्थ. यंदाच्या परीक्षक बाईंनी गुरुवारी ताप आल्याचं कळवलं. आमची अध्यक्ष वैशाली मला फोनवर म्हणाली, "अगं, तुमचे काका करतील का? तसा वेळच वेळ असतो ना त्यांना." मी हो म्हटलं. चूक माझीच, पण मी काकांना समजावूनही सांगितलं होतं. "काका, गंमत असते हो. सगळ्यांना छान छान म्हणायचं." काका म्हणाले, "नियम कुठायत?" मी त्यांना वैशालीनं ग्रुपवर टाकलेली जाहिरात दाखवली. वर पणती, खाली आकाशकंदील आणि मध्ये एक ओळ: 'प्रत्येक पदार्थाचे पाच नग आणावेत.' काकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा काढला. "छान. स्पष्ट आहे," ते म्हणाले.

कम्युनिटी हॉलमध्ये ते पांढरा कोट घालून आले. कोट कुठून मिळवला देव जाणे. ताटल्यांच्या बुडाला माझ्याकडून नंबर चिकटवून घेतले, ताटल्या टेबलावर ओळीत लावल्या आणि मग सगळ्यांना नम्रपणे हॉलबाहेर काढलं. नटूनथटून आलेल्या बायका दुपारच्या उन्हात कार पार्कमध्ये उभ्या, पुरुष झाड शोधत फिरताहेत, पोरं काचेला नाक लावून आत बघताहेत आणि बातम्या देताहेत: "ही इज कटिंग दि लाडू! ही इज स्मेलिंग इट!" वैशालीच्या सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत, त्यांच्यासाठी गाडीतून घडीची खुर्ची काढली. त्या एकट्याच शांत होत्या. "बघू दे की नीट," त्या म्हणाल्या. "घाई कशाला?"

तासाभरानं दार उघडलं. प्रत्येक ताटलीतला एक नग सुरीनं कापलेला, आणि प्रत्येक ताटलीपुढे काकांच्या गोल, मोठ्या, शाळकरी अक्षरात एक कार्ड. त्यांच्या आईनं शिकवलेलं ते अक्षर आहे. चकली: 'काटे सुरेख. आतून मऊ. घाई केली.' बेसनाचे लाडू: 'चव उत्तम. पाचांत एक धाकटा.' करंजी: 'सारण थोडं, हवा फार.' एका ताटलीत अनारसे होते, पाचाऐवजी अकरा. त्यापुढे लिहिलेलं, 'अकरा नग. नियमाबाहेर.' खाली बारीक अक्षरात आणखी काही होतं, ते वाचायला कोणी थांबलं नाही. दुसरं बक्षीस लाडवांना. पहिल्या बक्षिसाच्या जागी कार्ड: 'या दर्जाचा नमुना आला नाही.'

मग सगळे एकदम बोलू लागले.

"नियमाबाहेर? माझ्या सासूबाईंना नियमाबाहेर?" वैशालीचा आवाज चढला होता. "ऐंशीला टेकलेल्या बाई, दोन दिवस गुडघे दुखत असताना ओट्याशी उभ्या होत्या!"

"हवा फार म्हणे. हवा!" करंजीवाली.

"हे कोण, टीव्हीवरचे जज लागून गेले का?"

"लाडू चवीला उत्तम, मग धाकटा असला म्हणून काय झालं?"

अनारसेवाल्या आजी टेबलाशी वाकून कार्ड वाचायचा प्रयत्न करत होत्या. "अगं, पाच काय मांडायचे, ताटली उघडी दिसते," त्या कोणाला तरी सांगत होत्या, पण कोणी ऐकत नव्हतं. आणि काका टेबलाच्या टोकाला उभे होते, सुरी पंच्याला पुसत, एखाद्यानं येऊन काही विचारावं याची वाट बघत असल्यासारखे.

मी गडबड निस्तरणारी बाई आहे, तेच माझं काम आहे. मी माइक घेतला. "मंडळी, मंडळी! आमच्या काकांची गंमत होती ही. त्यांना विनोदाची फार आवड आहे. निकाल असा आहे की यंदा सगळ्यांनाच पहिलं बक्षीस!" हशा झाला, टाळ्या झाल्या, कोणीतरी शिट्टी मारली. टाळ्या चालू असताना मी टेबलावरून भराभर कार्डं गोळा केली आणि पर्समध्ये कोंबली. आता खरं काय ते सांगते. चौदा नंबरचे शंकरपाळे माझे होते. त्यांच्यापुढचं कार्ड मी सगळ्यात आधी उचललं. त्यावर लिहिलं होतं, 'दिसायला व्यवस्थित. खायला कारण सापडत नाही.'

गाडीत काकांनी एकाही झाडाकडे बघितलं नाही. एरवी ते वाटेतल्या प्रत्येक झाडाचं काहीतरी सांगतात. घरी आल्यावर मी चहा घेऊन मागे गेले. कोट खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवला होता.

"काका, एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं. "फराळच तो. बायकांना चार गोड शब्द हवे असतात."

"माझ्या आईला नको होते," काका म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"पहिल्या गावात आईनं केक शिकायचं ठरवलं. स्पंज. पोस्टातल्या बाईंकडून शिकली. महिनोन्महिने करत होती. फसलेले केक मी आणि बाबा खायचो. बाबा म्हणायचे, मेलो आता. मग एक दिवस तिला जमला. इतका हलका, की बाई गं! प्रदर्शनात ठेवला. तंबूचं दार उघडलं आणि आम्ही आत गेलो. ओळीनं सगळे केक, प्रत्येकाचा एक तुकडा कापलेला. आईचा तेवढा अख्खा. त्यावर जांभळी फीत लावलेली. खास बक्षीस, डॉक्टरांच्या पत्नीसाठी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई हसली, थँक यू म्हणाली."

"मग?"

"मग काय. न कापलेला केक घेऊन आम्ही घरी. आईनं तो टेबलावर ठेवला, स्वतः कापला आणि मला म्हणाली, तू सांग रे, कसा झालाय? मी आठ वर्षांचा. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, नुसतं छान?"

काकांनी चहा ढवळला. त्यांच्या चहात साखर नसते.

"पुढच्या वर्षी तेच. पुढच्या गावात तेच. माणसं वाईट नव्हती गं. फार चांगली होती. आईनं किती वर्षं केक केला, पण सुरी कोणी लावली नाही. त्या जांभळ्या फितींनी ती पडदे बांधायची."

मग चमचा बशीत ठेवून ते म्हणाले, "ते अनारसे. नियमाबाहेरचं कापायचं नसतं. नुसतं बाजूला ठेवतात. पण तशी अख्खी ताटली त्या बाईंना परत द्यायला माझा हात होईना. कापलाच मी."

काही सुचलं नाही की मी आवरायला लागते, म्हणून कप उचलले. दारापाशी पोचले तेव्हा ते म्हणाले, "पर्थला जाऊन राहीन म्हणतो थोडे दिवस. फोन केलाय तिला. माझ्यामुळे तुला सारखं खाली बघावं लागतं. तू पर्स उघडतेस ना, ते मला कळतं."

हे वाक्य मी कालपासून धुते आहे, विसळते आहे, आणि ते निघत नाही. चार वर्षं मला काकांची लाज वाटत होती. आता माझी वाटते. त्या गावच्या लोकांना निदान माहीत नव्हतं ते काय करताहेत. मी माइक हातात घेऊन केलं, हसत केलं, आणि त्यातही आपले शंकरपाळे लपवायला केलं. नितीन म्हणतो, "जाऊ दे गं, दोन दिवसांत विसरतील सगळे." बरोबर आहे. विसरतीलच. पण ज्या माणसानं गावभरच्या फराळाला पहिल्यांदाच मनापासून सुरी लावली, तो विनोदी म्हातारा म्हणून लक्षात राहील. तसं मीच सांगितलं आहे त्यांना.

ताटल्या झाल्या. पुसून खोक्यात भरल्या.

सोमवार, १३ ऑक्टोबर. आज सकाळी ड्यूटीला निघण्याआधी मी पर्समधून सगळी कार्डं काढली, जेवणाच्या टेबलावर मांडली आणि एकेकाचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. माझ्या शंकरपाळ्यांचं सगळ्यात वर, नावासकट. खाली लिहिलं, 'शनिवारी ही गंमत नव्हती. हा निकाल होता. गंमत म्हणाले ती मी, आणि त्याबद्दल काकांची माफी मागते आहे. पहिलं बक्षीस यंदा कोणालाही नाही.' पाठवलं आणि फोन उपडा ठेवून डबे भरू लागले. फोन ओट्यावर थरथरत सरकत होता. मीरानं उचलून बघितला. "मम, पीपल आर गोइंग क्रेझी," ती म्हणाली. मग म्हणाली, "वैशालीमावशीकडून व्हॉइस मेसेज आलाय."

आवाज वैशालीचा नव्हता. तिच्या सासूबाईंचा होता. फोन तोंडाच्या फार जवळ धरून त्या ओरडून बोलत होत्या.

"हॅलो? चालू झालं का गं हे? हं. ते पांढऱ्या कोटवाले आहेत ना, त्यांना विचार. खाली लिहिलंय, 'जाळी सुंदर. गूळ किंचित जास्त, त्यामुळे एक काठाला हसला आहे.' ते परवा मला चष्म्याशिवाय वाचता आलं नाही आणि तेवढ्यात कोणीतरी उचललं. मला तो तुपात विरून हसलेला घरीच कळला होता, पण घरात कोणाला कळला नाही. सगळे छान छान म्हणतात. त्यांना म्हणावं, किंचित म्हणजे किती? आणि इथला गूळ ओला असतो, त्याचं काय करायचं, तेही विचार."

मी फोन घेऊन मागे गेले. काकांच्या पलंगावर बॅग उघडी होती, तळाशी दोन स्वेटर. मी मेसेज लावला. काका उभ्यानं ऐकू लागले आणि मग बॅगेशेजारी बसले. संपल्यावर त्यांनी बोटानं खूण केली, पुन्हा. पुन्हा लावला.

"अगं बाई," ते हळूच म्हणाले. "किती म्हणून विचारतायत."

"मग सांगा की."

"तू लिही ना. मी सांगतो."

"मी नाही. तुम्हीच बोला," मी म्हटलं आणि रेकॉर्डचं बटण दाबून फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, घसा साफ केला आणि ताठ बसले. "नमस्कार. तुमच्या अनारशांबद्दल," त्यांनी सुरुवात केली, आणि ते बराच वेळ बोलत राहिले. माझी ट्रेन गेली. मी फोन तसाच धरून उभी राहिले.